पंतांच्या हातची भवानी

अंताजीपंत रोज सकाळी सुके बोंबील विकत घेत. कल्याणात सुके बोंबील घेणारी माणसं काही कमी नव्हती, पण अंताजीपंत हे जन्मात कांदासुद्धा न खाल्लेले ब्राह्मण होते. कपाळाला ताजं गंध, खांद्यावर घडीचं उपरणं, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला सुतळीनं बांधलेला एकुलता एक बोंबील, अशा थाटात ते बाजारातून आमच्या कचेरीकडे येत. काठी अंगापासून होईल तितकी लांब धरलेली, मान उलट्या बाजूला वळवलेली आणि मागून बाजारातली झाडून सगळी मांजरं.

मी ठाण्याची नोकरी सोडून कल्याणच्या म्युनिसिपालिटीत हिशेबनीस म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात हा देखावा पाहिला. मला वाटलं, गावात कसलासा उत्सव असावा. शिपाई धर्मा म्हणाला, "उत्सव कसला साहेब, आपले बाजारकारकून आले."

बाजारात पाट्या-टोपल्या मांडून बसणाऱ्यांकडून जागेचा पैसा घ्यायचा, त्याला 'बैठक' म्हणत. ती रोजच्या रोज गोळा करणं हे पंतांचं काम आणि त्यांनी आणलेला पैशांचा कसा जमा करून घेणं हे माझं. म्हणजे पंत येईपर्यंत मी खुर्चीला खिळलेला. आणि पंत कधी येणार? तर उन्हं माथ्यावर आल्यावर. आल्यावर तरी तो कसा हवाली करावा की नाही! नाही. आधी काठी लांबूनच पुढे करून बोंबील धर्माच्या स्वाधीन करायचा. मग तळ्यावर जाऊन आंघोळ करायची. वाटेत कोणाच्या ओल्या पायाचा शिंतोडा उडाला, तर मागे फिरून पुन्हा आंघोळ. तोवर माझी भूक मरून जाई आणि राग तेवढा जिवंत राही.

"पंत," मी एकदा न राहवून विचारलं, "तुम्ही खात नाही, शिवत नाही, मग ही बोंबलाची पीडा घेता कशाला?"

"वसुलीसाठी."

"बोंबलाचा आणि वसुलीचा काय संबंध?"

"आधी भवानी, मग सरकार," पंत म्हणाले आणि आंघोळीला गेले.

त्याचा अर्थ मला पुढे धर्माकडून कळला. पहिलं गिऱ्हाईक होऊन भवानी झाल्याशिवाय बाजारातलं कोणीही गाठीचा पैसा सोडत नाही. सकाळी पहिल्यांदा हातातून पैसा गेला, की दिवसभर जातच राहतो, ही त्यांची पक्की समजूत. त्यामुळे बैठक मागायला गेलं, की सगळीकडून एकच उत्तर, "भवानी नाय झाली, पैसा कनचा देव?" पंतांच्या आधीचे कारकून आरडाओरडा करत, टोपल्या लाथाडत, शिव्या देत आणि सव्याज परत घेऊन येत. एक जण तर तोंडावर बसलेल्या माशाचे खवले झाडत आला आणि त्याच दिवशी राजीनामा देऊन गेला.

पंतांनी यावर तोड काढली होती. ज्याची भवानी झाली नसेल त्याच्याकडून पंत स्वतःच काहीतरी विकत घेत. पैशाची वस्तू, रोख पैसा. विकणारी तो पैसा कपाळाला लावी, पाटीला लावी, कनवटीला खोची आणि मग दुसरा पैसा काढून पंतांना बैठक म्हणून देई.

"म्हणजे पैसा तुमच्याच पदरचा!" मी कपाळाला हात लावला. "तुम्ही द्यायचा, तुम्हीच परत आणायचा, आणि मी तो वसुली म्हणून जमा करायचा?"

"तोच पैसा नव्हे. भवानीचा पैसा कोणी देत नसतं. तो निराळा, बैठकीचा निराळा."

"पण खिसा तुमचाच रिकामा झाला ना?"

"वस्तू मिळाली ना."

"कसली वस्तू? बोंबील?"

"तो भाग निराळा," पंत म्हणाले.

'तो भाग निराळा' हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्याच्यापुढे वाद चालत नसे. त्यांचं घर आमच्या आळीत, माझ्या घराला लागूनच होतं. एकदा ओसरीवर डोकावलो तर काय पाहतो? एका रांगेत गाडग्यांची झाकणं, पण गाडगं एकही नाही. खुंटीला हातहातभर दोऱ्यांचे तुकडे. कोनाड्यात हिरव्या बांगड्यांचा ढीग. घरात बाईमाणूस नाही, पोरबाळ नाही, आणि कासाराची भवानी करून करून बांगड्या मात्र सबंध आळीला पुरतील इतक्या. "पंत, निदान बांगड्या तरी कोणाला देऊन टाका," मी म्हटलं. त्यावर त्यांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको.

हे सगळं मी सोसलं असतं. पण पुढे गावातूनच तक्रार आली. बाजारात सकाळी भाजी मिळत नाही! आमच्या कचेरीचे मुख्य रावसाहेब, त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "उद्या पंतांबरोबर जा आणि काय प्रकार आहे तो बघून या."

शेजारी राहायचं आणि एकाच ठिकाणी जायचं, तेव्हा बरोबरच निघू, असं मी पंतांना म्हणालो. तर म्हणे, "तुम्ही पुढून या. मी मागून येतो." मागून म्हणजे खरोखरच मागून. परसदारानं निघून खाडीच्या कडेनं, चिखल तुडवत. सरळ रस्ता सोडून हा उपद्व्याप का, म्हणून विचारलं तर ऐकू न आल्यासारखं केलं. असतात काही माणसं शिष्ट, असं मनाशी म्हणून मी सरळ रस्त्यानं गेलो.

बाजारात पोचतो तो एक विलक्षण दृश्य. पाट्या मांडलेल्या. डोंबिवलीची वांगी, कोलशेतचं मीठ, खाडीपलीकडचा सुका म्हावरा, सगळं तयार. गिऱ्हाइकंही तयार. आणि विक्री बंद! आमच्या गावचे एक नामांकित वकील दुधी भोपळा छातीशी धरून उभे होते आणि भाजीवाली तो दुसऱ्या टोकाला धरून ओढत होती.

"अगं, मी रोख पैसे देतोय!"

"थांब जरा. पंत येव दे."

"पंत काय मला भोपळा शिजवून घालणार आहेत?"

"तुजा हात मना म्हाईत नाय," ती म्हणाली आणि तिनं भोपळा काढून घेतला.

झालं होतं ते असं. पंतांच्या हातानं भवानी झाली, की माल हातोहात खपतो, अशी बाजाराची खात्री पटली होती. ही खात्री पसरवण्यात पुढाकार होता तो जानाबाईचा. जानाबाई म्हणजे खाडीकाठच्या वाडीतली सुका म्हावरा विकणारी, पहिल्या रांगेतली पहिली पाटी. पंतांचा रोजचा बोंबील तिच्याकडचाच. "पंताचा पैसा पाटीला लागला, का पाटी दुपारपरत रिकामी," असं ती मला छातीला हात लावून सांगत होती. ज्या माणसानं भवानीची अडचण सोडवली, त्याच्यासाठी आता भवानीच अडून राहिली होती. गिऱ्हाईक समोर उभं असून भवानी न करणारा असा बाजार दुसरीकडे कुठे असेल, असं मला वाटत नाही.

इतक्यात पंत आले. पाय घोट्यापर्यंत चिखलात माखलेले. कचेरीत हा माणूस जमिनीकडे बघून बोले. इथे त्यांची मान ताठ झाली होती. चारी बाजूंनी हाका सुरू झाल्या. "पंत, आदी हकडं!" "पंत, माजे वांग्याला हात लाव!" आणि पंत काठी उंच करून ओरडले, "ओळीनं, ओळीनं! हात एकच आहे!"

बरं, एक वांगं उचलून पुढे जावं. तेही नाही. "भवानीला भाव करायचा नसतो, पण माल पारखायचा असतो. नाहीतर ती भीक होते," हा त्यांचा सिद्धांत. एक वांगं घेण्यासाठी सबंध पाटी उलथीपालथी केली. मीठ चिमटीत धरून उन्हात न्याहाळलं. कासाराकडे एक बांगडी कानाशी नेऊन वाजवली. मागे वकीलसाहेब घाम पुसत होते आणि मी दातओठ खात होतो. पंत मात्र हसत होते. त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी पाहिलं ते रावसाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुढच्या महिन्यापासून बाजाराची वसुली लिलाव करून मक्त्यानं द्यायचं ठरवलं. मक्तेदार ठरलेली रक्कम भरील आणि बैठक तो गोळा करील. पंतांनी कचेरीत बसून जन्ममृत्यूचं दप्तर सांभाळावं, पगार तोच.

मला वाटलं, पंत सुटकेचा श्वास टाकतील. चिखल नाही, बोंबील नाही, मांजरं नाहीत. सावलीत बसून लिहायचं. माणसं असल्या कामासाठी देवाला नवस करतात. पण हुकूम ऐकल्यावर पंतांचा चेहरा उतरला. संध्याकाळी ते माझ्या मेजापाशी येऊन उभे राहिले.

"हिशेबनीस, रावसाहेब तुमचं ऐकतात."

"मग?"

"त्यांना म्हणावं, मी आणखी लवकर जातो. वांगी पारखत नाही. पगार अर्धा करा हवं तर. पण बाजार काढून घेऊ नका."

"अहो, आहे काय त्या बाजारात?" मी भडकलो. "खिशाला चाट आणि डोक्याला ऊन!"

या वेळी पंत 'तो भाग निराळा' एवढंही म्हणाले नाहीत. उपरणं सारखं करून निघून गेले.

एक तारखेला पंत जन्ममृत्यूच्या दप्तरापुढे बसले. दार त्यांच्या अगदी समोर. पहिल्याच सकाळी आमच्या आळीतला एक गृहस्थ पेढ्यांची पुडी घेऊन पायऱ्या चढला, मुलगा झाल्याची नोंद करायला. वर आला, पंतांना पाहिलं आणि "विसरलो काहीतरी" असं पुटपुटून पायऱ्या उतरून गेला. दुसरा आला, तो दारातच पाठ फिरवून उभा राहिला. तिसऱ्यानं खिडकीतून हात घालून मला खुणावलं, "तुम्ही लिहून घ्या. त्यांना नका सांगू नाव." मृत्यूची नोंद करणारे मात्र बिनदिक्कत येत होते.

"ही काय भानगड आहे?" मी धर्माला बाजूला घेऊन विचारलं.

"साहेब, तुम्ही शेजारी राहता नि तुम्हाला ठाऊक नाही?" धर्मा आवाज खाली आणून म्हणाला. "पंतांची पहिली बायको बाळंतपणात गेली. दुसरी केली, तीही बाळंतपणातच गेली. पोरंही जगली नाहीत. तेव्हापासून आळीतली माणसं त्यांचं तोंड बघून घराबाहेर पडत नाहीत. बारशाला, लग्नाला बोलावणं नाही. बिचारे स्वतःच परसदारानं जातात, कोणाच्या वाटेत यायला नको म्हणून."

घरी जाऊन बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "आख्ख्या आळीला ठाऊक आहे. तुम्ही हिशेबातून डोकं वर काढाल तर कळेल ना." मला त्या रात्री जेवण गेलं नाही. राग नेमका कोणाचा आला होता ते सांगता येत नव्हतं, पण आला होता खूप. सकाळी उठून एवढा बाजार ज्याच्या हाताची वाट बघत बसे, तो हात इथे आळीत कोणाला नको होता. आणि तो बाजार आम्ही काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तर पंत जागेवर नाहीत. दप्तराच्या मोठ्या कपाटामागे जी अंधारी जागा होती तिथे त्यांनी आपलं बस्तान हलवलं होतं. कपाटाआडून आवाज आला, "हिशेबनीस, जन्माची नोंद करायला कोणी आलं, की तुम्ही विचारा. मी इथून लिहितो. म्हणजे कोणाची गैरसोय नको."

आता माझी गैरसोय ती गैरसोय नव्हे की काय! दारात बाप उभा. मी विचारायचं, "मुलगा की मुलगी?" तो सांगायचा, "मुलगी." मी कपाटाकडे तोंड करून ओरडायचं, "मुलगी!" कपाटातून बारीक आवाज यायचा, "वार कोणता?" बापाला वाटायचं, हिशेबनीस ठार बहिरे आहेत किंवा वेडे तरी. अशानं माझे स्वतःचे हिशेब चुकू लागले. "पंत, बाहेर या हो!" मी रोज ओरडत होतो. "इथंच बरं आहे," पंत रोज सांगत होते.

तिकडे बाजारात मक्तेदाराचे हाल कुत्रा खात नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं दरडावून बैठक मागितली. साऱ्या बाजारानं एका सुरात सांगितलं, भवानी नाय झाली. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याला युक्ती सांगितली, म्हणून तो स्वतः भवानी करायला निघाला, पण जातीचा व्यापारी! भवानीलाच घासाघीस करू लागला. वांगी महाग म्हणाला, बोंबलाला वास येतो म्हणाला. बायकांनी त्याला असा धुतला, की तो पुढे नाक्यावर उभा राहून लांबूनच पैसे मागू लागला आणि बायका लांबूनच नाही म्हणू लागल्या. दीड महिना व्हायच्या आत तो रावसाहेबांच्या पुढ्यात येऊन बसला. अनामत बुडाली तरी चालेल, पण मला या बाजारातून सोडवा, म्हणू लागला. रावसाहेबांनी डोकं धरलं आणि पंतांना पुन्हा बाजारावर नेमल्याचा हुकूम लिहून माझ्याकडे पाठवला.

तो कागद मी हातात घेतो न घेतो, तोच दारात गलका झाला. जानाबाई आली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, कडेवर फडक्यात गुंडाळलेलं तान्हं पोर आणि मागे तिची सून.

"नातू झाला. लिवायला आयले," ती म्हणाली.

मी पोराकडे पाहिलं. चांगलं सव्वा महिन्याचं असावं. "एवढ्या उशिरानं? मुदत गेली की!"

"पंताला बगत होते बाजारान. तो येयना, म्हनून मीच आयले. कुठं हाय पंत?"

कपाटामागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. जानाबाई सरळ तिकडे गेली.

"पंत, बाहेर ये."

"तिथूनच सांगा," आतून आवाज आला. "हिशेबनिसांना सांगा, मी लिहितो."

"माजे नातवाला पयला पैसा तुजे हातचा पायजे."

"नको, जानाबाई." पंतांचा आवाज चिरकला. "लहान मूल आहे. त्याला माझं तोंड दाखवू नका. ऐका माझं."

जानाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. बाजारात आवाज चढवायची सवय तिला होतीच. "तुजा तोंड कोनाला पायजे?" ती कडाडली. "हात दे!"

मी जागेवरच उभा राहिलो. धर्मा दारात उभा राहिला. कपाटामागून आधी पंतांची सावली आली आणि मग पंत आले, मान खाली, उपरण्यानं अर्धा चेहरा झाकलेला. जानाबाईनं खांद्याला धरून त्यांना खाली बसवलं आणि काही कळायच्या आत ते पोर त्यांच्या मांडीवर ठेवून दिलं.

पंतांना मूल धरता येत नव्हतं. दोन्ही हात त्यांनी भांडं उतू जाईल अशा भीतीनं आजूबाजूला धरले होते. कनवटीचा पैसा काढताना तो दोनदा हातातून निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो पोराच्या मुठीपाशी नेला. जानाबाईनं तो घेतला, पोराच्या कपाळाला लावला आणि सुनेच्या हातात दिला. "बस. आता कालजी नाय," ती म्हणाली.

आणि त्याच क्षणी पोरानं पंतांच्या मांडीवर धार सोडली. शुभ्र, नुकतंच धुतलेलं सोवळं धोतर कंबरेपासून गुडघ्यापर्यंत भिजून गेलं. जानाबाई खो खो हसली. "घे पंत! तुजा नि त्याचा हिसाब फिटला." पोराला उचलून ती निघाली, दारातून मागे वळून म्हणाली, "उद्या बाजारान ये. सगले वाट बगतान."

ती गेल्यावर मी पंतांपाशी गेलो. "हे घ्या," मी हुकूम पंतांपुढे ठेवला. "उद्यापासून बाजार पुन्हा तुमच्याकडे."

पंतांनी कागद वाचला. बरं म्हणाले आणि बाजूला ठेवला. ज्याच्यासाठी अर्धा पगार सोडायला निघाले होते, त्याच्याकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही.

"आणि उठा आता," मी म्हणालो. "तळ्यावर जाऊन आंघोळ करून या. धर्मा घरून कोरडं धोतर आणील."

पंत हलले नाहीत.

"अहो पंत, धोतर ओलंचिंब झालंय!"

"हो," पंत म्हणाले. त्यांनी उजवा हात हलकेच त्या ओल्या जागेवर ठेवला. "वाळेल हो. घाई काय आहे?"